जलरंगातली छोटी स्टडी मोठी करताय? या चुका टाळा

बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याची एक छोटी स्टडी, म्हणजे झटपट सरावचित्र, मी जुलैच्या झिमझिमीत, येळ्ळूरच्या भातशिवाराकडेला, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून केली होती. वीस मिनिटांचं काम. पुढच्या एप्रिलमध्ये बेळगावात घरी बसून तीच फुलशीटवर घेतली आणि चार दिवसांनी हाती आलं दुकानातल्या कॅलेंडरसारखं चित्र. रेघा जागच्या जागी होत्या, चुकलं होतं ते पाणी.

पण आधी प्रमाणाचं बघा. फुलशीट म्हणजे फुल इम्पिरियल कागद, २२ × ३० इंचांचा असतो. ५ × ७ च्या वहीतलं चित्र त्यावर नेमकं बसत नाही, मग नकळत आकाश ताणलं जातं. त्यापेक्षा फुलशीट चार वेळा अर्धी करत फाडा. ५.५ × ७.५ इंचांचे सोळा तुकडे मिळतात, सगळे मूळ कागदाच्याच प्रमाणात. स्टडीवर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा, मोठ्यावर दोन इंचांच्या, चौकटीला चौकट जुळवून चित्र उतरवा, हिशेब संपला.

लांबी-रुंदी चौपट झाली म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. इथे हमखास फसगत होते. पॅलेटच्या खळग्यातला रंग आकाशाच्या मध्यावर संपतो, नवा कालवेपर्यंत कड वाळते आणि तिथे कायमची रेघ बसते. अर्धवट वाळलेल्यावर ओला ब्रश टेकवलात तर फुलकोबीसारखा डाग. म्हणून रंग वाटीत, लागेल वाटतो त्याच्या दुप्पट, आधीच कालवून ठेवा. उरला तर उरू दे.

खरी मेख पुढेच आहे. चौकटी मोठ्या होतात, कागदाचा दाणा होत नाही. ओल्यात सोडलेला थेंब दोन्हीकडे साधारण तेवढाच पसरतो. स्टडीत अर्धा इंच पसरून त्याचा ढग झाला होता, फुलशीटवर तो नुसता ठिपका. कोरड्या ब्रशचा जो फटकारा तिथे अख्खी झाडी होता, तो इथे एक काटकी. तेव्हा सहा नंबरचा ब्रश बाजूला ठेवून दोन इंची फ्लॅट, म्हणजे चपटा ब्रश घ्या, बोर्ड थोडा तिरका करा, आणि तो ढग आधी वेगळ्या कागदावर खऱ्या मापात दोन-तीनदा करून बघा.

हवेचंही तसंच. माझ्या स्टडीतल्या मऊ कडा निम्म्या त्या पावसाळी हवेनेच केल्या होत्या. एप्रिलमध्ये मी डोक्यावर पंखा लावून त्याच शोधत होतो! उन्हाळ्यात मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकताना पंखा बंद करा, कागद दोनदा भिजवा. घाई नसेल तर सरळ मिरगानंतर करा.

तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) जाड कागदसुद्धा एवढ्या मापात फुगतो आणि खोलगटीत रंग साचतो. आधी पाण्यात भिजवून, डिंकाच्या तपकिरी टेपने बोर्डावर ताणून वाळवा. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही. अंगणात टबात कागद बुडवताना शेजारच्या काकूंनी विचारलंच, "रंगवालायस की धुवालायस?"

शेवटची चूक मोकळ्या जागेच्या भीतीची. एवढा कागद कोरा कसा सोडायचा म्हणून मी भाताचं रोपन्‌रोप काढलं. स्टडी भिंतीला टेकवून सहा फुटांवरून बघितली तेव्हा कळलं, तिथे एकही रोप नाही. हिरव्याचे दोन फटकारे आहेत आणि मधे कागद तसाच सोडलाय, ते चिखलातलं पाणी.