पाळी बदलताना निरोप कसा द्यावा: तोंडी, वहीत की व्हॉट्सॲपवर?

कारखान्यात निरोपाचा घोळ सगळ्यात जास्त पाळी बदलताना होतो. जाणाऱ्याला कंपनीची बस गाठायची असते, येणारा अजून हातमोजे चढवत असतो. अशा घाईत एवढंच बघा: हा निरोप पोचला नाही, तर काय बिघडेल?

कोणाला इजा होऊ शकत असेल, तर मशीनपाशी उभं राहून तोंडी सांगा आणि वहीतही लिहा. दोन्ही करा. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. पंप वापरू नये असा कागद होता, पण रात्रपाळीपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच चालू केला.

पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी वही भरा. 'मशीन ४ कडे लक्ष द्या' यातून काही कळत नाही. 'मशीन ४: स्पिंडल गरम होत होता, २ वाजता बंद केलं, बेअरिंग तपासल्याशिवाय चालू करू नये' असं लिहा, खाली सही आणि वेळ. मग येणाऱ्याला तेच त्याच्या शब्दांत सांगायला लावा. 'कळलं ना?' विचारलं की घाईत सगळेच 'हो' म्हणतात.

फोन तातडीसाठी, पण प्रेसच्या आवाजात आकडे हमखास चुकतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखेच वाटतात. म्हणून 'पाच-नऊ', 'सहा-नऊ' असं एकेक अंक सांगा आणि परत म्हणवून घ्या.

व्हॉट्सॲप फोटोसाठी उत्तम: गळती नेमकी कुठे आहे, तडा कसा गेलाय. धोक्याची सूचना मात्र एकट्या ग्रुपवर सोडू नका. ग्रुपमध्ये टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी संदेश उघडल्यावरच, आणि उघडला म्हणजे समजला असं नाही. एखाद्याची चूकही तिथे काढू नका. त्याला बाजूला घेऊन बोला, नाहीतर पुढच्या वेळी तो चूक लपवेल.

ड्रॉइंग बदललं तर ईमेलच करा. विषयातच पार्ट नंबर आणि रिव्हिजन क्रमांक टाका. ईमेल गेल्यावर मशीनवर लावलेली जुनी प्रत स्वतः जाऊन काढा. ती तिथे राहिली, तर रात्रपाळी तिच्यावरूनच माल काढेल.