थंडीत केक का बसतो? घरी केक करताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की केकचे डबे माळ्यावरून खाली येतात. नाताळ, एकतीस डिसेंबर, शाळेच्या सुट्ट्या, घरातला एखादा वाढदिवस. आणि याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "प्रमाण नेहमीचंच, ओव्हनही तोच, तरी या वेळी केक फुललाच नाही." बहुतेक वेळा प्रमाण चुकलेलं नसतं आणि ओव्हनही बिघडलेला नसतो. बदललेली असते स्वयंपाकघरातली हवा.

केकच्या पाककृतीत पहिलीच सूचना असते, सगळे जिन्नस रूम टेंपरेचरला आणा. ही रूम साधारण २० ते २२ अंशांची धरलेली असते. मुंबईत ओट्यावर काढून ठेवलेलं बटर डिसेंबरातही तासाभरात मऊ होतं. पण नाशिक, निफाड, जळगाव किंवा पुण्याच्या कडेकडेच्या भागात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा सकाळी आठला ओट्यावर ठेवलेलं बटर दहालाही दगडच असतं. ते "बाहेर काढलं होतं" म्हणून रूम टेंपरेचरला आलं असं समजणं, ही थंडीतली पहिली चूक. माझं स्पष्ट मत आहे की हिवाळ्यात बिघडणारे निम्म्याहून जास्त केक ओव्हनमध्ये जाण्याआधीच बिघडलेले असतात.

कडक बटर आणि फ्रिजमधली अंडी

बटर आणि साखर फेटतो ती गोडी एकजीव व्हावी एवढ्यासाठी नाही. साखरेचे कण मऊ बटरमध्ये फिरताना हवेचे बारीक बारीक कप्पे तयार करतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, ती या आधीच्याच कप्प्यांत वायू भरून त्यांना मोठं करते. कप्पेच नसतील तर पावडर कितीही घाला, केक चढणार नाही.

बटरमध्ये हवा नीट धरली जाते ती साधारण १८ ते २१ अंशांना. थर्मामीटर हवाच असं नाही. बोटाने दाबलं की खड्डा पडला पाहिजे, पण बोट आत घुसता कामा नये आणि वर तेलकट चकाकी दिसता कामा नये. चकाकी आली म्हणजे बटर वितळायला लागलं, आणि वितळलेलं बटर हवा धरत नाही. म्हणूनच घाईघाईत मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद फिरवणं महागात पडतं: कडा कडक राहतात आणि मधे डबकं होतं.

त्यापेक्षा बटरचे सुपारीएवढे तुकडे करून ताटलीत पसरा. एका स्टीलच्या पातेल्यात कडकडीत पाणी ओता, दोन मिनिटांनी ओतून टाका, पातेलं पुसून त्या ताटलीवर उपडं घाला. पंधरा-वीस मिनिटांत बटर बरोबर हवं तसं होतं, आणि तोवर मैदा चाळून होतो.

अंड्यांचंही तेच. फ्रिजमधलं अंडं चार-पाच अंशांचं असतं. छान फेटलेल्या, पांढऱ्या झालेल्या बटरमध्ये ते पडलं की बटर जागच्या जागी गोठतं आणि पाणी सोडतं. हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं: आतापर्यंत गुळगुळीत असलेलं मिश्रण दाणेदार होतं, भांड्याच्या कडेने पातळ पाणी सुटतं, आणि बीटर उचलला तर त्यावर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या लटकतात. इथे बरेच जण "मैदा घातला की होईल सारखं" म्हणून पुढे जातात. दिसायला ते सारखं होतंही, पण भाजल्यावर तळाशी घट्ट, तुपकट थर बसतो आणि वर मोठी मोठी भोकं पडतात.

अंडी फोडण्याआधी, कवचासकट, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. एकदम सगळी न घालता एकेक घाला आणि प्रत्येक वेळी पुरतं फेटा. मिश्रण फाटलंच, तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर अर्धा मिनिट धरून फेटत राहा. कडेचं बटर जरा सैल झालं की मिश्रण पुन्हा जुळून येतं. मोजून ठेवलेल्या मैद्यातला दोन चमचे मैदा घालून फेटलं तरी काम होतं.

बिनअंड्याचा केक करणाऱ्यांनी हीच काळजी दही, दूध आणि कंडेन्स्ड मिल्कची घ्यावी. पातळ केलेल्या बटरमध्ये फ्रिजमधलं दूध ओतलं की बटरचे पांढरे कण वर तरंगतात. दूध कोमट करा, पण कोमटच. गरम दूध दह्यावर पडलं तर ते फाटतं, आणि त्यात सोडा असेल तर त्याचा सगळा जोर भांड्यातच संपतो. कोकणात खोबरेल तेलात केक करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण देशावर राहायला आलेल्यांनी लक्षात ठेवावं: खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंड दह्यात ओतलं की त्याचे मेणासारखे खडे होतात.

बटरऐवजी साजूक तूप घालायचं असेल तर जेवढ्यास तेवढं घालू नका. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तूप मात्र पूर्ण स्निग्ध. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध, असा हिशोब ठेवला तर केक तुपकट होत नाही.

सोडा, पावडर आणि पोह्याचा चमचा

आपल्याकडे "एक चमचा" म्हणजे हाताला लागेल तो चमचा. भाजीत ते खपतं, केकमध्ये नाही. पाककृतीतला लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, तोही सपाट. पोह्याच्या चमच्याने शीग लावून सोडा घातला तर तो दुपटीच्या वर जातो. मापाच्या चमच्यांचा संच स्वस्तात मिळतो, तो आणाच. कपाचंही तसंच आहे. घरची वाटी वापरायला हरकत नाही, पण मग सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजा. मैदा डब्यात कप खुपसून काढला तर दाबला जाऊन बराच जास्त येतो. चमच्याने कपात सोडून वरून सुरी फिरवली की साधारण १२५ ग्रॅम भरतो. वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला.

सव्वाशे ग्रॅम मैद्याला एक ते सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर पुरते. सोडा पावडरीपेक्षा तिप्पट-चौपट जोरकस असतो, शिवाय त्याला आंबट जोडीदार लागतो: दही, ताक, व्हिनेगर, लिंबू. पाव लहान चमचा सोड्याला अर्धा कप दही पुरेसं. पावडर संपली म्हणून तेवढाच सोडा घालणं ही फार नेहमीची चूक. त्या केकचा रंग नको तितका गडद होतो, तो भराभर चढून मधे बसतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. त्यावर उपाय नाही, तो केक टाकूनच द्यावा लागतो.

डबा उघडून सहा महिने उलटले असतील तर आधी परीक्षा घ्या. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकली की फसफसली पाहिजे, सोडा लिंबाच्या रसात. नुसतेच चार बुडबुडे आले तर नवा डबा आणा.

आणि ओव्हन आधी तापवा, सोडा मग घाला. मिश्रण तयार करून मग ओव्हन लावला, तर त्या पंधरा मिनिटांत वायू निघून जातो.

कुकरमधला केक

अनेक घरांत आजही केक कुकरमध्येच होतो आणि उत्तम होतो. शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी घालायचं नाही, तळाला बोटभर मीठ पसरायचं, त्यावर जाळी किंवा स्टँड, त्यावर डबा. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण रोजचा चांगला कुकर यासाठी वापरू नये. कोरडा तापवू नका असं कुकरसोबतच्या माहितीपत्रकांत बहुधा लिहिलेलंच असतं, आणि ते खरं आहे. जाड बुडाचं जुनं पातेलं आणि घट्ट बसणारं झाकण हेच काम जास्त चांगलं करतं. नॉनस्टिक कढई मात्र रिकामी तापवू नका, तिचा थर खराब होतो.

थंडीत यात दोन अडचणी येतात. पहिली, पातेलं तापायला वेळ लागतो. उन्हाळ्यात मध्यम आचेवर दहा मिनिटं पुरतात, आता पंधरा द्या. खिडकी उघडी असेल आणि ज्योत हलत असेल तर खिडकी ओढून घ्या, पण हवा खेळती ठेवा. दुसरी अडचण जास्त त्रासदायक. झाकण वरून थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून पाणी होते आणि थेंब केकवर पडतात. मग वरचा पापुद्रा चिकट, पांढुरका आणि खड्ड्याखड्ड्यांचा होतो. झाकणाला आतून स्वच्छ सुती पंचा लावा आणि त्याची टोकं वर घेऊन मुठीवर घट्ट बांधा, एकही टोक आचेकडे लोंबता कामा नये. पंचा वाफ टिपून घेतो.

डबा ठेवल्यावर आच अगदी मंद करा. सहा-सात इंची केकला पाऊण तास तरी लागतो. वरून तांबूस रंग येणार नाही, कारण वरून धग नसतेच. रंगासाठी आच वाढवली तर तळ करपेल, एवढंच होईल.

ओव्हनमध्ये होणाऱ्या चुका

ओटीजीचा, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. आतली हवा १८० अंशांना पोचलेली असते, भिंती आणि जाळी अजून गार असतात. आणखी पाच मिनिटं थांबा. खालची-वरची दोन्ही कांबी चालू, डबा मधल्या जाळीवर. बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बरेचदा अंतर असतं, म्हणून आत टांगायचा छोटा थर्मामीटर घेतलेला बरा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे केक लवकर भाजला जातो, दहा-वीस अंश कमी ठेवा.

पहिल्या अर्ध्या तासात दार उघडायचं नाही. बाहेर गारठा असताना दार उघडलं की आतली धग झपाट्याने जाते आणि अजून न सेट झालेला मधला भाग खाली बसतो.

डब्याच्या मापाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आठ इंची गोल डब्याचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या पावणेदोन पट असतं. तेच मिश्रण मोठ्या डब्यात घातलं तर पातळ आणि कोरडी चकती मिळते, लहान डब्यात घातलं तर वर तडकतं आणि आत कच्चं राहतं. डबा अर्धा ते दोन तृतीयांश भरलेला असावा.

कापलेल्या केकवरून चूक ओळखा

बिघडलेला केक लगेच बाजूला सारू नका, मधोमध कापून बघा. मधे बसलाय आणि तिथे ओलसर आहे: कच्चा राहिला किंवा दार लवकर उघडलं. मधे बसलाय पण पुरता भाजलेला आहे: सोडा-पावडर जास्त झाली. वर ज्वालामुखीसारखा फुटलाय: आच जास्त किंवा डबा लहान. चिवट आहे आणि आत वरच्या दिशेने गेलेली लांबट भोकं आहेत: मैदा घातल्यावर फेटत बसलात. मैदा पडला की बीटर बाजूला ठेवा, कालथ्याने खालून वर असं हलक्या हाताने मिसळा आणि पांढरं दिसेनासं झालं की थांबा. कोरडा आणि भुगा होणारा: जास्त भाजला, किंवा साखर परस्पर कमी केली. साखर ओलावाही धरून ठेवते, म्हणून निम्मी साखर काढून टाकली की केकचा पोतच बदलतो.

टुटीफ्रुटी तळाला गेली तर मैद्यात घोळवली नव्हती असं सगळे म्हणतात. घोळवा जरूर, पण मिश्रणच पातळ असेल तर घोळवूनही ती बुडणार. आधी पाक धुऊन ती कोरडी करा, तुकडे लहान ठेवा आणि मिश्रण जरा घट्ट ठेवा.

कणकेचा आणि रव्याचा केक थंडीत घाईत करू नये. कणीक जास्त पाणी पिते, दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवा. बारीक रवा दह्यात भिजायला एरवी वीस मिनिटं लागतात, गारठ्यात पाऊण तास द्या, सोडा किंवा इनो अगदी शेवटी घाला. रवा नीट भिजला नाही तर प्रत्येक घासात कचकच लागते. गोव्यात नाताळला रवा आणि ओल्या खोबऱ्याचा बाथ केक करतात, त्यात मिश्रण रात्रभर मुरवत ठेवायची पद्धत आहे ती याचसाठी.

उरलेला केक फ्रिजमध्ये टाकू नका

केक डब्यात दहा मिनिटं ठेवून जाळीवर काढा, पुरता गार झाल्यावरच कापा. नंतर हवाबंद डब्यात, ओट्यावरच. क्रीम नसलेला केक या हवेत दोन-तीन दिवस आरामात टिकतो. फ्रिजमध्ये तो उलट लवकर शिळा होतो, कारण त्या तापमानाला मैद्यातला स्टार्च झपाट्याने कडक पडतो. बटरचा केक सकाळी घट्ट लागला तर तो वाळला असं समजू नका, आतलं बटर गोठलेलं असतं. काप मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद किंवा झाकलेल्या तव्यावर मिनिटभर ठेवला की मऊ होतो. मुलांच्या डब्यात द्यायचा केक मी हिवाळ्यात तेलातलाच करते. बटरची चव त्याला नाही, पण तो गारठ्यातही मऊ राहतो. दोन्ही हवं असेल तर निम्मं बटर, निम्मं तेल.

आणि बसलेला केक, सोडा जास्त झालेला नसेल तर, वाया घालवू नका. कच्चा भाग काढून टाका, बाकीच्याचे अर्ध्या इंचाचे काप करा, १५० अंशांना एका बाजूने वीस मिनिटं आणि उलटून पुन्हा पंधरा-वीस मिनिटं भाजा. ओव्हनमधून काढताना ते किंचित मऊ वाटतात, गार झाले की कडक होतात. चहाबरोबर हा केक टोस्ट फार छान लागतो, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतो.