मन भटकलं तर परत कुठे यायचं? ख्रिस्ती मनन-प्रार्थना आणि आपल्याकडच्या ध्यानपद्धती

धुळ्याचा एक जण विपश्यनेचं शिबिर करून आला आहे. नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळीतला दुसरा पहाटे प्रार्थनेला बसतो. दोघांना शेजारी बसवा, बघणाऱ्याला फरक कळणार नाही. डोळे मिटलेले, पाठ ताठ, श्वास संथ. फरक दिसतो तो मन भटकल्यावर, आणि मन तर सगळ्यांचंच भटकतं: कापसाचा भाव, केळीला सोडायचं पाणी, पोराची फी. अशा वेळी भानावर आलेला माणूस परत कुठे येतो, एवढं विचारलं तरी तो काय करत होता ते समजतं.

गोयंका गुरुजींच्या परंपरेतल्या विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरात पहिले ३ दिवस आनापान असतं. नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष, बाकी काही नाही. पुढे डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहायच्या. सुखद संवेदनेला चिकटायचं नाही, दुखरीला झिडकारायचं नाही. मन भटकलं की परत श्वासावर किंवा संवेदनेवर. पतंजलींच्या योगसूत्रात योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध. चित्त एका ठिकाणी बांधणं ही धारणा, आणि तीच एकसंध वाहू लागली की ध्यान. तिथे परतायचं ते धारणेच्या विषयाकडे.

ख्रिस्ती मननात माणूस एका वचनाकडे परततो, आणि त्या वचनामागे जो बोलतो आहे त्याच्याकडे. समोर कुणीतरी ऐकतं आहे, इतकंच नाही, ते आधी बोललेलं आहे, हे इथे गृहीत असतं. प्रार्थना म्हणजे त्याला दिलेलं उत्तर. म्हणून भटकलेला विचारही नेहमीच हाकलायचा नसतो. फीची काळजी आली, तर ‘प्रभू, फीचं काय करू?’ असं विचारलं की तीच प्रार्थना होते.

‘पूर्वेकडचं’ आणि ‘ख्रिस्ती’ अशी सरळ रेघ मात्र मारू नका. विठ्ठलाला हाक मारणारा वारकरी हाकच मारतो. त्याच्या नामस्मरणात समोर कुणीतरी आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे. योगबळाचा एवढा मोठा चांगदेव लहानग्या मुक्ताईपुढे शिष्य होऊन बसला, ही कथा आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. साधनेचं बळ वेगळं आणि नातं वेगळं, हे खान्देशी माणसाला आधीपासून ठाऊक आहे. ख्रिस्ती माणसाचं नातं येशूमार्फत पित्याशी असतं, आणि ते बैठकीच्या जोरावर कमावलेलं नसतं, कृपेनं मिळालेलं असतं. पाय दुखले म्हणून कृपा कमी होत नाही, तासभर हललो नाही म्हणून वाढतही नाही.

आणखी एक गैरसमज. मनन म्हणजे मन रिकामं करणं, असं अनेकांना वाटतं. बायबलमधल्या स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या ग्रंथात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द येतो. म्हणजे मननात तोंड हलतं, शब्द आत-बाहेर होतो. जुन्या मठांतून याला रवंथ म्हणत. गोठ्यात संध्याकाळी बसलेली गाय पाहिली असेल, तर पद्धत निम्मी समजली.

अर्ध्या तासाची बैठक

ही रीत १२ व्या शतकातल्या गुइगो नावाच्या, कार्थुसियन या ख्रिस्ती मठपरंपरेतल्या साधूनं चार पायऱ्यांत मांडली: वाचन, मनन, प्रार्थना, निवांत राहणं. त्याच्या सांगण्यात वाचन म्हणजे घास तोंडात घेणं आणि मनन म्हणजे तो चावणं.

वेळ पहाटेची धरा. एप्रिल-मे महिन्यांत उन्हं वर आली की आपल्याकडे कुठलंच मन टिकत नाही. मांडी, खुर्ची, गुडघे, काहीही चालेल. आसनाला इथे स्वतंत्र महत्त्व नाही, फक्त झोप येऊ नये. मराठी पवित्र शास्त्र (बायबल), वही, पेन आणि भिंतीवरचं घड्याळ एवढं पुरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. शास्त्र मोबाइलवर वाचत असाल, तर छापील प्रत घ्या.

पहिल्यांदा मार्कच्या शुभवर्तमानातला १०:४६-५२ हा उतारा घ्या. सातच ओव्या आहेत, यरीहोच्या रस्त्यावरच्या बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट. ७ ते १० ओव्यांपेक्षा मोठा उतारा कधी घेऊ नका.

पहिली २ मिनिटं नुसतं बसा. श्वास संथ होईल तेवढा होऊ द्या, त्याच्यावर काम करू नका. ‘प्रभू, बोल’ एवढं म्हणा.

पुढची ६ मिनिटं उतारा मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात एखादा शब्द अडतो. कुणाला लोक त्याला दटावून गप्प करतात ते लागतं, कुणाला त्यानं टाकून दिलेलं वस्त्र. अडला तिथे थांबा. काहीच अडलं नाही, तर येशूचा प्रश्न घ्या: मी तुझ्यासाठी काय करावं, अशी तुझी इच्छा आहे?

मग ८ मिनिटं तोच शब्द पुटपुटत राहा. लोयोलाच्या इग्नाटियसनं, ज्याचं साधनेचं पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं, इथे प्रसंगात शिरायला सांगितलं आहे: धूळ, गर्दी, आवाज, आणि त्यात तुम्ही कुठे उभे आहात. यरीहोचा रस्ता डोळ्यांपुढे येत नसेल, तर आठवडे बाजाराचा रस्ता आणा. तुम्ही भिकारी आहात, की त्याला गप्प बसवणाऱ्यांपैकी एक? हा प्रश्न टाळू नका. बहुतेकांचं मनन इथेच खरं होतं.

त्यानंतरची ७ मिनिटं बोलण्याची. घरात ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत. अहिराणी, मावची, पावरी, जी असेल ती. देवासमोर पुस्तकी मराठी आणली की माणूस आपोआप खोटं बोलू लागतो. ‘माले दिसू दे’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. मागण्यांची यादी असेल तर ती शेवटी.

मग ५ मिनिटं गप्प. ही पायरी बाहेरून ध्यानासारखी दिसते, आणि गोंधळ इथेच होतो. मन निर्विचार झालं की नाही ते तपासायचं नाही. ज्याच्याशी आत्ता बोललात, त्याच्याजवळ बसायचं. मन गेलं तर तो अडलेला शब्द एकदा म्हणा आणि परत या. दहा वेळा गेलं तर दहा वेळा.

शेवटची २ मिनिटं वहीसाठी. दोन ओळी, जास्त नाही. एक ओळ काय ऐकलं त्याची, दुसरी आज काय करणार त्याची. ‘चांगला माणूस होईन’ असं लिहू नका. ‘भावाला फोन करीन’ असं लिहा.

काय बिघडतं

झोप हे पहिलं. दुपारच्या भाकरीनंतर किंवा अंथरुणावरच बसलं की हमखास. तोंड धुवा, वाचन उभ्यानं करा.

दुसरं, मननाचा अभ्यास होतो. बार्तीमय म्हणजे काय, यरीहो यरुशलेमपासून किती लांब, असं डोकं धावू लागतं. हे प्रश्न चांगले आहेत, पण संध्याकाळसाठी ठेवा. उपदेश करणाऱ्यांचं तर फार होतं: वचन वाचताच रविवारचे मुद्दे सुचू लागतात. ते स्वतःला लागू होण्याआधीच दुसऱ्याला वाटून टाकले जातात.

तिसरं, पुनरुच्चार पोकळ होतो. मत्तय ६:७ मध्ये निरर्थक बडबडीबद्दल इशारा आहे. म्हणून ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही ऑर्थोडॉक्स परंपरेतली जुनी प्रार्थना म्हणताना संख्येचा हट्ट धरू नका. तिचं मूळ लूक १८ मधल्या जकातदाराच्या हाकेत आहे. हाक म्हणूनच ती म्हणायची. श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा, असं सहज जमलं तर ठीक. श्वास रोखून वगैरे काही करू नका. त्या परंपरेतले गुरूही हे जाणत्या माणसाशिवाय करायला मनाई करतात.

चौथं सगळ्यांत फसवं आहे: अनुभवाची वाट पाहणं. अंगावर शहारा, ऊब, प्रकाश. विपश्यनेत संवेदना हाच निरीक्षणाचा विषय असतो आणि तिला समतेनं पाहायला शिकवतात. ख्रिस्ती मननात ती विषयही नसते, पुरावाही नसते. स्वस्थ बसल्यावर शरीराला बरं वाटणारच. त्याला पवित्र आत्म्याचं काम समजण्याची चूक होऊ शकते, असं कॅथॉलिक मंडळीनं १९८९ च्या एका पत्रात स्पष्ट सांगितलं आहे. प्रॉटेस्टंट पाळकांनाही हे मान्य होण्यासारखं आहे. खूण एकच: बैठकीतून उठल्यावर सासू, सालदार, शेजारी यांच्याशी वागणं बदललं का?

पाचवं, कोरडेपणा. आठवडेच्या आठवडे काही वाटत नाही. इग्नाटियसचे दोन नियम इथे उपयोगी पडतात. अशा काळात आधी घेतलेला निर्णय फिरवू नका. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा. तीस मिनिटं ठरवली असतील तर एकतीस. पण झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, सतत घाबरं होत असेल, तर तो कोरडेपणा समजू नका. डॉक्टरांना दाखवा, प्रार्थना सुरू ठेवूनही दाखवता येतं.

विपश्यनेला जावं का?

विपश्यनेचं मोठं केंद्र असलेली इगतपुरी रेल्वेनं थेट पडते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. जाण्याआधी एक नियम वाचा: त्या १० दिवसांत सर्व प्रकारची प्रार्थना, जपमाळ, मंत्र, उपवास बंद ठेवायला सांगतात. ती पद्धत शुद्ध स्वरूपात पारखता यावी म्हणून हा नियम आहे, आणि त्यांच्या जागी तो योग्यच आहे. दहा दिवस येशूशी न बोलणं तुम्हाला चालणार आहे का, ते आधी ठरवा आणि पाळकांशी बोला. तिथे जाऊन गुपचूप प्रार्थना करू नका; त्यात दोन्हीकडे अप्रामाणिकपणा होतो. पाठीसाठी आसनं किंवा साधं श्वसन करायचं असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत.

वाचता न येणाऱ्यांसाठी

पाड्यावर, वस्तीवर म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, म्हणून मनन त्यांच्यासाठी नाही असं समजतात. छापखान्याआधीची कित्येक शतकं बहुतेक ख्रिस्ती लोक ऐकूनच मनन करत होते. पाच-सहा जण गोल बसा. एकानं उतारा तीनदा वाचावा, दर वाचनानंतर दोन मिनिटं शांतता. पहिल्यानंतर प्रत्येकानं लागलेला एक शब्द सांगायचा, फक्त शब्द. दुसऱ्यानंतर एक वाक्य. तिसऱ्यानंतर प्रत्येकाची छोटी प्रार्थना, आपापल्या बोलीत. कुणी कुणाला समजावायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. पाळक हजर असतील तर त्यांनी सगळ्यांत शेवटी बोलावं, आणि तेही एकच वाक्य.