कॅथलॅबमध्ये (एक्स-रेच्या मदतीने रक्तवाहिन्यांतून उपचार करण्याच्या खोलीत) रुग्णाची किरणमात्रा कशी मोजावी आणि आटोक्यात कशी ठेवावी

यकृतातील गाठीचे पहिले एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया) ठाण्यात आणि दुसरे खारघरला, असे रुग्ण आपल्या पट्ट्यात नवे नाहीत. परंतु डिस्चार्ज कार्डावर केवळ फ्लुरोस्कोपीची, म्हणजे सलग एक्स-रे पाहण्याची, मिनिटे लिहिलेली असतील, तर त्या रुग्णाच्या त्वचेने आधी किती मात्रा सोसली आहे, हे दुसऱ्या डॉक्टरांना कळत नाही. त्या मिनिटांत डीएसएच्या (रक्तवाहिन्या स्पष्ट दाखवणाऱ्या चित्रमालिकेच्या) चित्रांचा हिशेब नसतो आणि रुग्णाच्या जाडीचाही नसतो.

म्हणून मॉनिटरवरील दोन आकडे नोंदवावेत. आयसोसेंटरपासून (यंत्र ज्या बिंदूभोवती फिरते, तिथून) एक्स-रे ट्यूबच्या दिशेने १५ सेंमीवरील संदर्भबिंदूचा एअर कर्मा (हवेत मोजलेली किरणमात्रा, एकक ग्रे) त्वचेच्या मात्रेचा अंदाज देतो, तर डीएपी (मात्रा गुणिले किरणक्षेत्राचे क्षेत्रफळ) शरीरात गेलेल्या एकूण किरणांचा. डीएपीचे एकक मात्र तपासूनच लिहावे, कारण १ ग्रे-चौरस सेंमी म्हणजे १०० मायक्रोग्रे-चौरस मीटर, आणि इथे चूक झाली की आकडा शंभरपटीने बदलतो. दाखवलेल्या मूल्यात ३५ टक्क्यांपर्यंत फरक आंतरराष्ट्रीय मानकालाही मान्य असल्याने मेडिकल फिजिसिस्टकडून आयन चेंबर या किरणमापकाने पडताळणी करून घ्यावी आणि मिळालेला दुरुस्ती गुणक कन्सोलवर चिकटवावा. आपल्या, म्हणजे कर्मचाऱ्यांची मात्रा मोजणाऱ्या, टीएलडी बॅजचा अहवाल नियमित येतो, पण त्याचा रुग्णाच्या पाठीवर पडणाऱ्या किरणांशी काहीही संबंध नाही.

प्रक्रिया सुरू असताना एअर कर्मा ३ ग्रेला पोहोचताच आणि त्यानंतर प्रत्येक १ ग्रेला टेक्निशियनने तो मोठ्याने सांगावा; थांबायचे की पुढे जायचे, हा निर्णय डॉक्टरांचाच. ट्यूब रुग्णापासून शक्य तितकी दूर व डिटेक्टर (चित्र टिपणारा भाग) अगदी जवळ ठेवावा, कोलिमेशन घट्ट करावे म्हणजे किरणांचे क्षेत्र लहान ठेवावे, किरणांच्या पल्सचा दर सेकंदाला १५ वरून ७.५ वर आणून काम भागते का ते पाहावे, आणि साठवलेले शेवटचे चित्र पुरेसे असेल तेव्हा पेडल दाबू नये. सर्वांत मोठी बचत डीएसएच्या फेऱ्या कमी करण्यात आहे. लांबलेल्या प्रक्रियेत सी-आर्मचा (ट्यूब व डिटेक्टर धरणाऱ्या कमानीचा) कोन बदलावा, मात्र तिरक्या कोनात किरणांना जास्त जाडी भेदावी लागते आणि दोन क्षेत्रे एकमेकांवर आली तर त्या पट्टीला दोन्हींची मात्रा मिळते, हे ध्यानात ठेवावे.

एअर कर्मा ५ ग्रे किंवा अधिक झाल्यास किरणे पाठीच्या नेमक्या कोणत्या भागावर पडली, ते डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावे आणि दोन ते चार आठवड्यांनी घरच्यांना तिथे लाली दिसते का ते पाहायला सांगावे. साठ दिवसांत पुन्हा प्रक्रिया झाल्यास दोन्ही मात्रा एकत्र धराव्यात. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना हे कार्ड सोबत असलेच पाहिजे, कारण किरणांनी झालेल्या जखमेची बायोप्सी घेतली, तर ती जागा भरून येणे अवघड होऊ शकते.