हॉटेल स्टाफचं ट्रेनिंग: सिंहस्थाआधी या चुका टाळा

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. गर्दी सुरू झाल्यावर माणसं घेतली, तर शिकवायला ना वेळ मिळतो ना माणूस. नाशिक-त्र्यंबकच्या हॉटेलवाल्यांनी भरती आणि ट्रेनिंग आत्ताच हातात घ्यावं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे नव्या मुलाला जुन्याच्या मागे सोडून देणं. जुना जे शॉर्टकट मारतो, तेच नवा उचलतो. बाथरूमचंच बघा. ट्रॉलीवर सगळी फडकी एकाच रंगाची असली की कमोडवर फिरलेलं फडकं बेसिनवर जातं आणि तिथून पाण्याच्या ग्लासावर. कमोडला लाल, बेसिन-आरशाला निळं असं ठरवून टाका. ग्लास खोलीत पुसायचेच नाहीत. वापरलेले उचलायचे, धुतलेले ठेवायचे. आर-६, म्हणजे कमोड साफ करायचं लिक्विड, कमोडमध्ये आधी टाकायचं आणि ते मुरेपर्यंत बेड करायचा. आर-६ आम्लधर्मी असतं. त्यात ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. म्हणून बाटलीवर मराठी-हिंदीत लेबल हवंच.

शिकवताना आधी करून दाखवा. मग प्रत्येक पायरीचं कारण सांगत पुन्हा दाखवा. मग त्याच्याकडून करून घ्या, करताना त्याला बोलतं ठेवा. शेवटी एक खोली एकट्याला द्या आणि तपासा. चेकआउटची खोली नीट करायला ३० ते ४० मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात वेगासाठी मागे लागलात, तर तो पलंगाखालचा केर सोडायला शिकेल.

दुसरी चूक वेळेची. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे गेस्ट, श्रावणी सोमवारी त्र्यंबकची गर्दी. तेव्हा ट्रेनिंग नकोच. पण ब्रेक शिफ्टवाल्याच्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळ अशी तुटक ड्यूटी करणाऱ्याच्या, दुपारच्या विश्रांतीतही ते बसवू नका. शिफ्टच्या सुरुवातीला १५ मिनिटं, एकच विषय, आणि तो वेळ ड्यूटीत धरलेला.

किचनमध्ये फॉस्टॅकचं (एफएसएसएआयच्या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि ते घेतलेला माणूस केव्हाच सोडून गेलेला असतो. अन्न हाताळणाऱ्या दर २५ जणांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो. त्याने गरम पदार्थ ६५ अंशांच्या वर आणि फ्रिज ५ अंशांच्या आत आहे का, हे रोज थर्मामीटरने बघून लिहायचं.

"पोरं न सांगता जातात" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. पेठ-सुरगाण्याकडची मुलं जुलैच्या आसपास भाताच्या आवणीला घरी जाणारच. मे महिन्यातच तारखा विचारा, पाळीपाळीने सुट्टी रोस्टरवर टाका. म्हणजे ती सांगून जातात आणि परतही येतात. टिप बॉक्समधून भांडी घासणाऱ्याला आणि हाउसकीपिंगला किती, हे लिहून नोटीस बोर्डावर लावा. रोस्टर आदल्या रात्री बदलत असेल आणि वीकली ऑफ बुडत असेल, तर "एम्प्लॉयी ऑफ द मंथ"च्या फोटोने कोणी थांबत नाही. सोडून जाणाऱ्याला कारण जरूर विचारा, पण त्याचा सगळा हिशोब चुकता केल्यावर. पगार अडकलेला असताना तो "घरी अडचण आहे" एवढंच सांगेल.