चामड्याच्या चकत्यांची मूठ: रानात वापरायच्या सुरीला ती नव्याने कशी बसवावी

चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली मूठ थंडीत गार पडत नाही, घाम शोषून घेते आणि वापरू तशी हाताला बसत जाते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्लॅडस्टोन गावी वेब्स्टर मार्बल यांच्या कारखान्यातून निघालेल्या शिकारी सुऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मूठ लोकप्रिय केली. मग १९४२ मध्ये अमेरिकन मरीन दलाने ७ इंची पात्याची जी सुरी स्वीकारली, तिलाही हीच मूठ होती. ती सुरी आज जगभर ‘का-बार’ नावाने ओळखली जाते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अशी मूठ एस्टविंग या अमेरिकन कंपनीच्या हातोडीवर पाहिली असेल. रोज दगडावर आपटूनही ती वर्षानुवर्षं टिकते.

ती टिकते दाबामुळे. गोंद, रंग, मेण हे सगळं नंतरचं. चकत्या गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधली धातूची आडवी पट्टी) आणि बुडाची टोपी यांच्यामध्ये इतक्या आवळलेल्या असतात की त्यांच्यात पाणी शिरायला फट उरत नाही. मूठ बदलताना बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. चकत्या सुंदर कापतात, रंग झकास देतात, पण दाबायला वेळ देत नाहीत. म्हणून या लेखातला मोठा भाग दाबण्यावर आहे.

उदाहरण म्हणून मी का-बारसारखी सुरी धरली आहे. पातं पुढे, मधे गार्ड, मुठीतून आरपार जाणारा अरुंद दांडा आणि शेवटी आडव्या पिनेने अडकवलेली धातूची टोपी, अशी रचना असलेल्या कुठल्याही सुरीला हीच पद्धत लागू पडते. मात्र दांड्याचं टोक ठोकून पसरवलेलं असेल आणि सुरी युद्धकाळातली असेल, तर तिला हात लावू नका. तिची किंमत आहे तशी असण्यातच आहे.

आधी ठरवा: नवी मूठ हवी, की आहे तिलाच आकार द्यायचा?

जुन्या चकत्या घट्ट असतील तर त्या काढायचं काही कारण नाही. कारखान्यातून येणारी मूठ बरेचदा जाड आणि जवळजवळ गोल असते. ती घासून लंबगोल केली, रंग आणि मेण दिलं, तरी सुरी बदलल्यासारखी वाटते. मुठीवर दोन्ही अंगठे ठेवून चकत्या आडव्या सरकवून पाहा. हलत नसतील तर सरळ ‘आकार देणं’ या भागाकडे जा. हलत असतील, चिरल्या असतील किंवा मधे फटी दिसत असतील, तरच पुढचं सगळं करा.

कातडं

झाडाच्या सालीने कमावलेलं कातडंच घ्यायचं. क्रोमने कमावलेलं कातडं मऊ आणि लवचीक असतं. ते दाबलं की स्पंजासारखं परत फुगतं आणि कानशीखाली तंतू सोडतं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमच्या कातड्यात आत निळसर राखाडी झाक दिसते, सालीच्या कातड्यात आरपार तपकिरी रंग असतो. पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं कातडं लगेच तो पितं आणि तेवढीच जागा गडद होते.

यासाठी महाराष्ट्रात लांब जावं लागत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात, आणि तळाला लागणारं म्हशीचं जाड कातडं या कामाला उत्तम. चपला बनवणाऱ्या कारागिरांकडे तळ कापून उरलेले तुकडे असतात. आपल्याला तेवढेच पुरतात. फक्त पोटाकडचं सैल कातडं घेऊ नका, पाठीचं मागा. जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असावी. म्हशीच्या कातड्याचा तंतू जाडसर असतो, त्यामुळे ते दाबायला जास्त वेळ लागतो. दाबून झाल्यावर मात्र लाकडासारखं घट्ट होतं.

जुनी मूठ उतरवणं

सगळ्यात आधी पातं बांधा. धारेवर जाड पुठ्ठा दुमडून ठेवा, वरून कापड आणि मास्किंग टेप. पुढचे कित्येक तास तुमचा हात या पात्याच्या आसपास फिरणार आहे.

टोपीच्या कडेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवला की पिनेचं गोल टोक उजळून दिसतं. लगेच पंच लावून ठोकू नका. टोपीवर चकत्यांचा दाब असतो आणि तो दाब पिनेला आवळून धरतो. जुनं कातडं टाकूनच द्यायचं आहे, तर टोपीजवळच्या चार-पाच चकत्या रापीने किंवा पटाशीने उभ्या चिरून काढून टाका. दाब सुटला की पिनेपेक्षा किंचित बारीक पंचाने ती हलक्या ठोक्यांत बाहेर येते. टोपी लाकडी हातोडीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने टिपत उतरवा. एकाच बाजूने ठोकलंत तर ती दांड्यावर तिरकी अडकते.

आता उघडा पडलेला दांडा नीट पाहा. तपकिरी किंवा काळसर डाग बहुधा असतातच. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि स्पिरिटने पुसा. गंजाने खोल खड्डे पाडून दांडा बारीक केला असेल, तर त्या सुरीने लाकूड फोडण्याचं काम यापुढे करू नये.

गार्डचं वरचं टोक कापायचं असेल तर तेही याच वेळी. लढाईच्या सुरीला दोन्हीकडे गार्ड लागतो. लाकूड तासताना मात्र वरचं टोक अंगठ्याला आडवं येतं. हॅकसॉने कापून कड कानशीने गोल केली की अंगठा सरळ पात्याच्या पाठीवर टेकतो. खालचं टोक ठेवा, बोटं धारेवर घसरण्यापासून तेच वाचवतं.

चकत्या कापणं

गार्ड ते टोपी हे अंतर मोजा. समजा १०० मिलिमीटर भरलं आणि कातडं साडेतीन मिलिमीटरचं आहे. साध्या भागाकाराने २८-२९ चकत्या लागतील असं वाटतं, पण दाबल्यावर कातडं साधारण दहावा हिस्सा बसतं. म्हणजे ३२ लागतील. वर तीन-चार जास्तीच्या कापून ठेवा.

प्रत्येक चकती अंतिम आकारापेक्षा सगळीकडून चार-पाच मिलिमीटर मोठी कापा. मधली खाच महत्त्वाची. दांड्याच्या रुंदीइतक्या अंतरावर पंचाने दोन छोटी भोकं पाडायची आणि धारदार रापीने ती जोडायची. खाच दांड्यावर जोर लावूनच सरकली पाहिजे. आपोआप घसरली तर ती चकती बाजूला टाका. दांडा टोकाकडे निमुळता होतो, म्हणून टोपीकडच्या चकत्यांच्या खाचा थोड्या आखूड लागतात. एकेक बसवून पाहा आणि मागे पेन्सिलीने क्रमांक घाला.

मधे पितळ, काळं फायबर किंवा शिंगाच्या पातळ चकत्या घातल्या की मूठ खुलते. दोन्ही टोकांना एकेक आणि मधे फार तर एक जोडी पुरे, असं माझं मत आहे. धातूच्या पट्ट्या जास्त झाल्या की मूठ हाताला गार आणि निसरडी लागते, मग चामडं घेतलं कशाला? पितळ आणि तेलकट कातडं यांच्यामध्ये कालांतराने हिरवा थर येतो, हेही लक्षात ठेवा. फायबरला तो त्रास नाही.

दाबणं

दोन जाड फळ्या घ्या. सागवानी नसल्या तरी चालतील, पण वाकणाऱ्या नकोत. एका फळीत पातं जाईल एवढी फट, दुसरीत दांड्याचं टोक जाईल असं भोक. दोन्ही बाजूंना आट्यांच्या लांब सळया आणि नट. पातं फटीतून खाली सोडायचं, गार्ड फळीवर टेकवायचा, चकत्या दांड्यावर रचायच्या आणि वरची फळी नटांनी आवळायची.

पहिल्या खेपेला गोंद अजिबात नाही. चकत्या सगळ्या कोरड्या रचा. नट हाताने घट्ट होतील तेवढे करा आणि पान्याने दोन्हीकडे पाव-पाव फेरा द्या. दहा मिनिटं थांबा. नट पुन्हा सैल लागेल, कारण मधल्या वेळात कातडं बसलेलं असतं. पुन्हा पाव फेरा. संध्याकाळभर असं करत राहा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी टोपीसाठी जागा जास्त उरलेली दिसेल. तिथे एक-दोन चकत्या आणखी जातील. या कोरड्या फेरीला वेळ दिला की गोंद लावल्यावर मूठ आखडत नाही.

कातडं ओलं करून दाबायचा मोह होतो, कारण ते भराभर बसतं. पण सुरी कार्बन पोलादाची आहे. सालीच्या कातड्यातलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळानिळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करत, तीच ही क्रिया. शिवाय ओल दांड्याशी अडकून राहते आणि गंज दिसत नाही अशा जागी वाढतो.

दुसऱ्या दिवशी सगळं सोडवा. प्रत्येक चकतीची गुळगुळीत बाजू ८० च्या पेपरने खरवडा, नाहीतर गोंद धरत नाही. हळू सुकणारा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, घ्या. पाच मिनिटांत सुकणारा नको, तीस-बत्तीस चकत्या होईपर्यंत तो हातातच दगड होतो. साधा ॲरल्डाइट चालतो. दांड्याला सगळीकडून थर द्या, म्हणजे लोखंड आणि टॅनिन वेगळे राहतात. चकत्यांना मात्र जुन्या एटीएम कार्डाने ओढून अगदी पातळ लावा. इपॉक्सी कातड्यापेक्षा कडक असतो. जाड थर राहिला तर घासल्यावर त्या जागी बारीक कंगोरा हाताला लागतो.

क्रमाने रचा, आवळा, पिळून बाहेर आलेला इपॉक्सी स्पिरिटच्या फडक्याने पुसा. चोवीस तास हलवू नका.

नंतर टोपी. ती हाताने दाबून बसवल्यावर टोपीचं भोक आणि दांड्याचं भोक अगदी थोडं चुकत असावं आणि फळीने आवळल्यावर जुळावं. जास्त चुकत असेल तर वरची चकती पेपरवर घासून पातळ करा. सहज जुळत असेल तर दाब कमी आहे, एक पातळ चकती वाढवा. भोकं जुळली की नवी पिन ठोका आणि दोन्ही टोकं कानशीने सपाट करा.

आकार देणं

गार्ड आणि टोपीला टेपचे तीन-चार थर लावा. नाकातोंडाला चांगला मास्क हवाच. चामड्याच्या धुळीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत केलेली आहे. गॅलरीत किंवा अंगणात बसून घासा.

लाकडाच्या खरबरीत कानशीने जास्तीचं कातडं उतरवा, मग बारीक कानस, मग ८०, १२०, २४०, ४०० असे पेपर. पेपरची पट्टी करून मुठीभोवती पुढेमागे ओढली की गोलाई सारखी येते. यंत्राच्या पट्ट्यावर घासणार असाल तर वेग कमी ठेवा. जळक्या केसांचा वास आला म्हणजे कातडं करपलं, आणि तो काळा डाग खोलवर जातो. लोखंड कानशीने घासल्याचा चुरा आधी झटकून टाका. ओल्या हाताला लागून तो मुठीवर आला की ठिपके उमटतात.

आकार गोल नको, लंबगोल हवा. अंधारात सुरी हातात घेतली तरी धार कुठे आहे ते मुठीवरूनच कळलं पाहिजे. मधे हलका फुगवटा, गार्डजवळ तर्जनीसाठी किंचित खोलगट. दर पाच मिनिटांनी हातात धरून पाहा. हातमोजे घालून वापरणार असाल तर ते घालूनही पाहा.

रंग आणि मेण

स्पिरिटमधला चामड्याचा रंग कापडाच्या बोळ्याने पातळ-पातळ द्या. सालीच्या कातड्याचा नैसर्गिक रंग आवडत असेल तर रंग न दिला तरी चालेल. दोन पावसाळ्यांत तो आपोआप गडद बदामी होतो.

रंग सुकल्यावर एक भाग मधमाशांचं मेण आणि दोन ते तीन भाग जवसाचं तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. थेट आचेवर नको. कोमट असताना बोटांनी चोळा, तासाभराने पुसा, दुसऱ्या दिवशी परत. तेलाच्या वाटीत मूठ बुडवून ठेवू नका. जास्त तेलाने कातडं मऊ पडतं आणि मिळवलेला दाब निघून जातो. तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उलगडून बाहेर वाळत घाला.

वापर आणि सांभाळ

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर ही मूठ सतत ओली राहील. भिजली तर कापडाने टिपून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलीत तर चकत्या आक्रसून फटी पडतात. बुरशीची पांढरी पूड दिसली तर स्पिरिटने पुसून मेणाचा हात द्या. घरी सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरून पातं गंजतं. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊन, सुती कापडात गुंडाळून, म्यानापासून वेगळी ठेवा.

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण पातं त्याहून लहान असलं तरी सुरी कमरेला लावून एसटी स्टँडवर किंवा बाजारात फिरू नये. अनेक ठिकाणी पोलिसांचे जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश लागू असतात. प्रवासात ती गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा, विमानाने जाताना चेक-इनच्या सामानात टाका, आणि मुक्कामाच्या जागी पोचल्यावरच बाहेर काढा.