उधारी, भिशी आणि आहेर: घरखर्चाचा मानवशास्त्रीय अभ्यास कसा करावा

"महिन्याला खर्च किती?" हे विचारूच नका. ज्या घरात विडीची मजुरी हजारी दराने, म्हणजे दर हजार विड्यांमागे, मिळते आणि तेल-साखर रोज पाव किलोनं येते, तिथे महिन्याचा आकडा कुणाच्या डोक्यात नसतो; तुम्ही विचारलंत म्हणून काहीतरी सांगितलं जातं. "कालपासून घरात काय-काय आलं?" असं विचारा आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहा: किती, कुठून, कुणी आणली, रोख की उधार.

सोलापूरच्या पूर्व भागात एकाच गल्लीतली सहा ते आठ घरं पुरतात. विडी वळणारीचं, यंत्रमाग कामगाराचं आणि जमलं तर किराणा दुकानदाराचंही घर त्यात असावं. दोन दिवसांआड जा. एक साधा महिना आणि एक जानेवारी हवाच, कारण संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि तेव्हाच्या खरेदीवरून वर्षाचा अंदाज बांधला तर तो हमखास फसतो. पद्मशाली या विणकर समाजाच्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. दुभाषा लागला तर तो कारखान्याशी किंवा कर्जवसुलीशी संबंध नसलेला घ्या, नाहीतर उधारीबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ विडीच्या कमाईत होतो. कारखान्याकडून मिळालेलं तेंदूपान (ज्यात विडी वळतात ते पान) कमी पडलं की बाई पदरचे पैसे घालून पान विकत आणते. माल देताना खराब विड्या छाट म्हणून बाजूला पडतात. त्यामुळे वळल्या किती, घेतल्या किती, पानाला किती गेले आणि हातात किती पडले, हे वेगवेगळं लिहा. पानाचे पैसे घरखर्चात धरले तर कमाईही फुगते आणि खर्चही.

भिशीबद्दल बाई एकटी असतानाच विचारा. नवऱ्यापासून राखलेला पैसा बहुधा तिथेच असतो. लिलावाची भिशी असेल, म्हणजे जी सगळ्यात कमी रकमेवर तयार होते तिला ती मिळत असेल, तर गणित नीट मांडा: दहाजणींचे प्रत्येकी 500 म्हणजे 5000. एकीने 4400 ला उचलली, तर उरलेले 600 दहाजणींत वाटले जातात, प्रत्येकी 60. इतकं सोडून तिने ती का उचलली, हे जरूर विचारा: फी, दवाखाना की लग्न?

लग्न म्हटलं की आहेराची वही आली, आणि या अभ्यासात तिच्याइतकं मोलाचं साधन दुसरं नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 मध्ये दाखवलं होतं की भेट देणं, ती स्वीकारणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात. वहीतल्या प्रत्येक नावापुढे विचारा: आपण त्यांच्याकडे आधी किती दिलं होतं? परत तेवढंच आलं की वाढवून? मग एखादी साडी निवडून तिचा माग काढा. ती नेसली गेली, की घडी न मोडता पुढच्या लग्नात आहेर म्हणून गेली? आहेर कमी झाल्याने कुणाचं येणं-जाणं थांबलं असेल तर तेही नोंदवा, पण नाव बदलून.

वहीचे फोटो काढू नका. त्यात दुसऱ्यांची देणी-घेणी असतात. दुकानदाराची उधारीची वही तर त्या-त्या घराने होकार दिल्यावर, तेवढ्याच पानापुरती पाहा.